चांदीचा मुलामा की साधा कॉपर पाइप?

प्रश्न : मी हॅम रेडिओच्या ४०, २० आणि १० मीटर बँडसाठी ८११ए ट्यूबवाला लिनिअर अँप्लिफायर (ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा) बनवतोय. टँक कॉइलसाठी (आउटपुटची ट्यूनिंगची कॉइल) पाव इंची कॉपर पाइप आणलाय. आमच्या इथून चांदीच्या दागिन्यांचं हुपरी जवळ, तिथे पाइपला चांदीचा मुलामा मारून मिळेल असं मित्र म्हणतो. मारून घेऊ का? की घरात जाड अॅल्युमिनियमची तार पडलीये तीच वापरू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुलामा नको, निदान दागिनेवाल्याकडचा तरी नकोच. आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट धातूच्या आतून जात नाही, वरच्या सालीतूनच पळतो, तांब्यात ही साल ७ मेगाहर्ट्झला (४० मीटर) साधारण ०.०२५ मिमी आणि २८ ला (१० मीटर) त्याच्या निम्मी. आता दागिन्यांवरचा मुलामा बऱ्याचदा एखाद मायक्रॉनचा असतो आणि चकाकी यावी म्हणून त्याच्याखाली निकेलचा थर देतात, म्हणजे तुमचा करंट चांदीत मावणारच नाही, तो निकेलमधून जाणार. निकेलचा रेझिस्टन्स तांब्याच्या चौपट, वर ते मॅग्नेटिक, त्यामुळे साल अजून पातळ. कॉइल दिसेल झक्कास आणि तापेल साध्या पाइपपेक्षा जास्त.

थेट तांब्यावर जाड चांदी चढवली तरी काय मिळतं? चांदी ५-६ टक्के चांगली कंडक्टर, पण आरएफला हिशोब वर्गमुळाचा, म्हणजे फायदा ३ टक्क्यांच्या आसपास. ४०० वॉटला (हॅम लायसन्सच्या जनरल ग्रेडची मर्यादा तेवढीच आहे) कॉइल १६ वॉट खात असेल तर वाचला अर्धा वॉट! त्यापेक्षा ३ मिमी तारेऐवजी ६ मिमीचा पाइप घेतला की रेझिस्टन्स जवळपास निम्म्यावर येतो. चांदीचा खरा उपयोग रोलर इंडक्टरचं चाक, बँडस्विचचे काँटॅक्ट अशा हलत्या सांध्यांच्या ठिकाणी.

अॅल्युमिनियम चालतं हो, रेझिस्टन्स तांब्याच्या सव्वापट ते दीडपटीच्या मधे धरा, जाडी वाढवून भरून निघतो. पण साधं सोल्डर धरत नाही, आणि स्क्रूने तांब्याची पट्टी आवळली की पावसाळ्यात त्या सांध्यावर पांढरी पूड धरते. टॅप (कॉइलवर मधेच काढलेलं कनेक्शन) बदलत बसायचं असेल तर तांबंच बरं. पितळ मात्र नको, दुप्पट रेझिस्टन्स. आणि भंगार बाजारातून तार घेणार असाल तर खिशात लोहचुंबक ठेवा, वरून तांब्याची दिसणारी तार चिकटली तर आत लोखंड आहे, मुलामा किती पातळ आहे ते कोण मोजणार, सोडून द्या.

पाइप १० आणि २० मीटरच्या भागाला वापरा, साल तिथेच सगळ्यात पातळ. ४० ला १० किंवा १२ गेजची सुपर इनॅमल वायर पुरते. वळताना पाइपमधे बारीक कोरडी वाळू ठासून दोन्ही टोकं ठोकून बंद करा, नाहीतर पाइप पिचकतो. मग पीव्हीसी पाइपवर हाताने सावकाश गुंडाळा, दोन वेढ्यांत पाइपच्या जाडीएवढी फट ठेवा, गुंडाळून झालं की पीव्हीसी काढून टाका. वाळू काढायला विसरू नका.

टॅप साध्या ६०-४० सोल्डरने लावू नका, कॉइल तापली की तो मऊ पडून सुटतो. एसीवाल्याकडून ब्रेझिंग करून घ्या, पाच मिनिटांचं काम. शेवटी चिंचेने घासून भरपूर पाण्याने धुवा आणि नीट वाळवा. नंतर पाइप तपकिरी पडला तरी पडू दे, रेडिओला फरक पडत नाही.