आम्ही घरात चौघं. ॲलर्जीमुळे एकाला दूध, दुसरीला अंडं आणि शेंगदाणे चालत नाहीत. घरी सगळं स्वतःच करायचं तर सुरुवात कुठून करू?

चौघांसाठी चार स्वयंपाक करू नका, महिन्याभरात थकाल. सगळ्यांना चालेल असा एकच मूळ पदार्थ करा; ज्याला जे चालतं ते त्याच्या ताटात वरून घाला, तेही वेगळ्या चमच्याने.

अंडं त्यातल्या त्यात सोपं. मफिनमध्ये एका अंड्याऐवजी १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. ती मिश्रण बांधून ठेवते, फुगवत मात्र नाही. त्यामुळे ३-४ अंडी लागणारा केक सरळ सोडून द्या. (मी हट्टाने केला होता. वीट झाली.)

दुधाच्या बाबतीत भलेभले फसतात. लॅक्टोज-फ्री दुधात फक्त दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मोडलेली असते. ॲलर्जी होते ती प्रथिनांची, आणि ती तशीच राहतात. शेळीच्या दुधातली प्रथिनंही इतकी सारखी की बहुतेकांना तेही चालत नाही. लेबलवर केसीन किंवा व्हे (ही दुधातलीच प्रथिनं) दिसलं तर ते दूधच समजा.

शेंगदाण्यांचं म्हणाल तर ते घरात न आणणंच बरं. भाजून-तळून ॲलर्जी जात नाही, आणि त्याच तेलात पुढचा घाणा तळला तर तोही बाद. हात सॅनिटायझरने नव्हे, साबण-पाण्याने धुवा. चिरा पडलेला लाकडी चॉपिंग बोर्ड टाकूनच द्या.

आणि लहान मुलाचं दूध बंद असेल तर कॅल्शियमचं काय करायचं, ते डॉक्टरांना आधी विचारा.