कुठली ब्रँच सगळ्यात अवघड, असं विचारलंस म्हणून

अरे, तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. कॉम्प्युटर अवघड की मेकॅनिकल, बीएस्सी घेतलं तर लोक म्हणणार याला काही जमलं नाही, तुझी मैत्रीण सीएला बसणार आहे ते खरंच एवढं भयंकर असतं का, आणि मामा म्हणतात मेडिकलपुढे बाकी सगळं किरकोळ. एवढं सगळं एका दमात विचारलंस! फोनवर असते तर मी नुसतं हं हं केलं असतं, म्हणून लिहायला बसलेय. ताई लेक्चर देतेय असं वाटलं तर वाटू दे, पगार त्याचाच मिळतो मला.

आधी ती कटऑफची यादी बाजूला ठेव. तू पाठवलीस ना, वर कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स), मग ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), खाली मेकॅनिकल, सिव्हिल आणि एकदम तळाला बीएस्सी, बीए, ती अवघडपणाची यादी नाहीये, मागच्या वर्षीच्या पर्सेंटाइलची आहे. मिसळीच्या दुकानाबाहेर रांग मोठी आहे म्हणून तिथली मिसळ जास्त तिखट असते असं थोडंच आहे. सीटा किती, मागणारे किती, एवढंच कटऑफमधून कळतं, आणि मागणी कशावरून ठरते तर गेल्या 2-3 वर्षांत कुणाला कुठे पॅकेज मिळालं यावरून. आत बसल्यावर काय होतं याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

सगळ्यात उघड उदाहरण सीएचंच घे. आत जायला रांगच नाही. बारावी झाली की फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या पायरीला, रजिस्टर करता येतं, आणि कॉमर्सचा ग्रॅज्युएट 55 टक्क्यांवर डायरेक्ट इंटरला, म्हणजे दुसऱ्या पायरीला जातो. दार सताड उघडं. पण इंटरला 6 पेपर, 3-3 चे दोन ग्रुप, प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपची टोटल 50 टक्के. म्हणजे एका पेपरात 70, दुसऱ्यात 65 आणि तिसऱ्यात 39 पडले की ग्रुप गेला, टोटल कितीही चांगली असू दे (60 किंवा त्याच्या वर पडलेल्या पेपरांची एक्झम्प्शन मिळते, म्हणजे ते परत द्यावे लागत नाहीत, तेवढाच आधार). त्यानंतर सीएच्या हाताखाली 2 वर्षांची आर्टिकलशिप, दिवसभर क्लायंटकडे ऑडिट आणि रात्री फायनलचा अभ्यास. तिथला एकेक धडा घेऊन बसलास तर तुला समजेल, अगदी समजेल. अवघड आहे ते असं की सगळं एकाच वेळी डोक्यात ताजं पाहिजे, आणि निकाल लागला नाही तर पुढच्या अटेम्प्टला पुन्हा तेच वाचायला बसायचं. आता वर्षात 3 वेळा परीक्षा होतात म्हणून पूर्वीसारखं 6 महिने लटकून राहावं लागत नाही, तेवढं बरं झालंय. तुझ्या मैत्रिणीला हिशेबाची आवड आहे का हे मी विचारणार नाही, नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायची ताकद आहे का ते विचारेन.

आता इंजिनिअरिंग, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. फर्स्ट इयर सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच, मॅथ्सचे एम-वन, एम-टू, ग्राफिक्स, मेकॅनिक्स, त्यामुळे फर्स्ट इयरच्या पोरांना ब्रँचबद्दल विचारून काही उपयोग नाही, त्यांनाही अजून माहीत नसतं. सेकंड इयरपासून वाटा फुटतात. कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर, डिस्क्रीट मॅथ्स, पुढे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, जिथे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की आपण कोडिंगच्या क्लासला आलेलो नाही. पण कॉम्प्युटरची एक मोठी सोय आहे. प्रोग्रॅम चुकला तर मशीन तुला रात्री 2 वाजता सुद्धा सांगतं की अमुक लाइनवर गडबड आहे, तू दुरुस्त करतोस, परत चालवतोस, परत पडतो. एका रात्रीत 30 वेळा चुकायची मुभा!

सिव्हिलला सोपी म्हणतात ना लोक, त्यांनी एकदा स्ट्रक्चरल ॲनालिसिसचा एखादा पूर्ण प्रॉब्लेम सोडवून बघावा. पोर्टल फ्रेम घ्यायची, स्लोप डिफ्लेक्शनने सोडवायची, 3-4 पानं भरतात, आणि पहिल्याच पानावर एका मोमेंटचं साइन उलटं पडलं तर शेवटपर्यंत सगळं चुकत जातं आणि पेपर लिहिताना तुला ते सांगायला कुणीही नसतं. निकालातच कळतं. मेकॅनिकलच्या थर्मोमध्ये वेगळी गंमत आहे, स्टीम टेबल उघडून गणितं सुटतात, मार्क पडतात, आणि मग ओरलला बाहेरून आलेला एक्स्टर्नल परीक्षक शांतपणे विचारतो, एन्ट्रॉपी म्हणजे काय रे, की पोरगं छताकडे बघायला लागतं. आणि ईएनटीसी. माझ्या मते (भांडायचं असेल तर भांड) चार वर्षांत सगळ्यात जास्त मॅथ्स तिथेच डोक्यावर बसतं. सिग्नल्समध्ये फूरिए आणि लाप्लास, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये मॅक्सवेलची 4 इक्वेशन्स, जी एका पोस्टकार्डावर मावतात पण ज्या फील्डबद्दल ती बोलतात तो दिसत नाही, ऐकू येत नाही, हाताला लागत नाही. तरी कटऑफ बघ, बहुतेक कॉलेजांत कॉम्प्युटरच्या खालीच.

म्हणजे मी तुला ईएनटीसी घेऊ नको म्हणतेय असं नाही हां. अवघड कुठलं एवढंच विचारून भागत नाही, कुठल्या प्रकारे अवघड ते बघावं लागतं, आणि त्यातला कुठला प्रकार तू महिनोन्महिने सहन करू शकतोस हे तुझं तुलाच माहीत. चूक लगेच कळली नाही की काही मुलं सैरभैर होतात. काहींना उलट रोज 10 छोट्या चुका दाखवणारं मशीनच नको वाटतं, त्यांना एक मोठा प्रश्न घेऊन आठवडाभर बसायला आवडतं.

त्यावरून बीएस्सी मॅथ्स. इथे मी जरा जास्त बोलणार, माझं घर आहे ते. बऱ्याच कॉलेजांत बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन होते, सीट रिकामी पण राहते, आणि म्हणूनच नातेवाईकांच्या यादीत ते तळाला. तू सीईटीला 90 मिनिटांत मॅथ्सचे 50 प्रश्न सोडवलेस. एका प्रश्नाला 1 मिनिट 48 सेकंद. तुला त्यात 90 च्या वर आले म्हणून तू म्हणतोस माझं मॅथ्स पक्कं आहे, आणि ते खरंय, पण तो वेगाचा खेळ होता. इथे दुसऱ्या वर्षाला रिअल ॲनालिसिस येतं आणि प्रश्नाचा सूरच बदलतो. 1, 1/2, 1/3, 1/4 अशी सीक्वेन्स शून्याकडे जाते हे तुला दिसतंय ना? सिद्ध कर. आता "दिसतंय की" हे उत्तर चालत नाही. तू कितीही छोटा एप्सिलॉन, म्हणजे शून्याहून मोठा पण हवा तेवढा लहान आकडा, मागितलास तरी मी असा एक नंबर काढून देईन की त्याच्यापुढची प्रत्येक टर्म शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असेल, असं लिहून दाखवावं लागतं. हे जमलं की मग फंक्शन कंटिन्युअस असणं आणि युनिफॉर्मली कंटिन्युअस असणं यातला फरक. दोन्ही व्याख्यांत शब्द जवळपास तेच आहेत, फक्त क्रम बदललाय, एकीत डेल्टा (एक्स किती हलला तर चालेल तो आकडा) त्या-त्या बिंदूपुरता निवडायचा आणि दुसरीत सगळ्या बिंदूंना मिळून एकच. एक्स स्क्वेअर सगळ्या रिअल लाइनवर घेतलं तर कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली नाही. हे पोरांच्या गळी उतरायला एक अख्खी टर्म जाते आणि हुशार पोरांना जास्त त्रास होतो, कारण त्यांना आतापर्यंत कधी एखाद्या ओळीवर 3 दिवस अडकायची सवयच नसते.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडे पास होणं तेवढं अवघड नाही. तीच तीच थिअरम्स विचारली जातात, प्रूफ पाठ करून लिहिलं की मार्क मिळतात, आणि न समजता बीएस्सी पूर्ण करणारे दरवर्षी असतात. मग आयआयटी जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा पेपर हातात पडला की पाठांतर एकदम उघडं पडतं. पास व्हायला सोपं आणि शिकायला अवघड, अशी ही जोडी बघून ठेव, फसवी आहे.

आर्ट्समध्ये तर हे अजूनच जास्त. गाईड आणली, अपेक्षित प्रश्न वाचले, बीए झालं, असं होतं, नाकारत नाही मी. पण मनापासून करणाऱ्याला काय लागतं ते बघ. मराठ्यांच्या इतिहासात खोलात जायचं तर मोडी आली पाहिजे, आणि मोडीत हात न उचलता सलग लिहिलेलं असतं, शब्द कुठे संपला ते अंदाजाने ओळखायचं, प्रत्येक कारकुनाचं अक्षर वेगळं. संस्कृत व्याकरणाकडे वळलास तर पाणिनीची जवळपास 4000 सूत्रं, एकेक सूत्र 2-3 शब्दांचं, आणि त्यातलं एक समजायला मागच्या पाचांचे शब्द पुढे ओढून आणावे लागतात. डोकं त्याच पद्धतीचं असेल तर प्रोग्रॅमिंगवाल्यांना ते भारी आवडेल असं मला नेहमी वाटतं. इकॉनॉमिक्स घेतलं तर पुढे इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीने तपासायचं अर्थशास्त्र येतं, तिथे मॅथ्सपासून पळून आलेले परत मॅथ्सच्याच तावडीत. आणि बाकी विषयांत नसलेली एक अडचण इथे आहे, उत्तर बरोबर आलं की नाही हे कुणी टिक करून सांगत नाही, स्वतःच वाचून वाचून ठरवायचं.

मेडिकलबद्दल मामांचं थोडं बरोबर आहे. साडेचार वर्षं आणि वर वर्षभर इंटर्नशिप, पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेम. हाडं 206, पण हाडांची नावं कोण विचारतंय, त्या हाडावर कुठला स्नायू कुठे चिकटतो, शेजारून कुठली नस जाते ते सांगायचं. नीटला चार पर्याय असतात, इथे स्पॉटर परीक्षेत समोरच्या अवयवाला पिन लावलेली असते, ते काय आहे ते ओळखायचं, घड्याळ चालू असतं आणि पर्याय नसतात. फर्स्ट इयर काढायला जास्तीत जास्त 4 अटेम्प्ट, त्यापुढे एमबीबीएस करता येत नाही. अवाढव्य आहे, पण अमूर्त नाही. ज्याला वाचलेलं लक्षात राहतं आणि रोज 6-7 तास बसायला कंटाळा येत नाही त्याला ते ॲनालिसिसपेक्षा सोपं जाऊ शकतं. तसंही तू बायो सोडलंयस, मग मामांचा मुद्दा घेऊन तू का बसलायस?

आर्किटेक्चर तू सहजच म्हणालास, ड्रॉइंग चांगलं आहे म्हणून. 5 वर्षं, शीट्स, मॉडेल्स, ज्युरीच्या (परीक्षकांपुढे डिझाइन मांडायचं असतं त्याच्या) आधी रात्र रात्र जागरण, आणि ज्युरीत तुझ्या 3 आठवड्यांच्या डिझाइनवर 5 मिनिटांत लाल पेन फिरतं. तिथे डोक्यापेक्षा आधी पाठ आणि मग मन दुखतं. टीका अंगाला लावून न घेता ऐकता येते का तुला? मागे मी तुझ्या अक्षरावर बोलले तर 2 दिवस रुसला होतास, म्हणून विचारतेय.

अजून एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये नसते. नवीन शैक्षणिक धोरणात सगळ्यांना सेमिस्टरला साधारण तेवढेच क्रेडिट्स, मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठलंही असो, म्हणून कागदावर सगळं सारखं दिसतं. पण थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. केमिस्ट्रीवाला 2 क्रेडिटसाठी 60 तास लॅबमध्ये उभा, वर जर्नल पूर्ण करायचं ते वेगळंच, आणि तेवढ्याच 2 क्रेडिटसाठी थिअरीवाला 30 तासांत मोकळा. पार्टटाइम काम करायचा विचार आहे म्हणालास ना, मग टाइमटेबल बघ आधी, विषय नंतर.

आणि इंग्लिश. तू दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे पहिली टर्म तुला कुठलाही कोर्स अवघडच वाटणार आहे, त्याला विषय जबाबदार नाही. पोरं नोव्हेंबरमध्ये येऊन सांगतात मॅडम हा सब्जेक्ट माझा नाही, आणि मी तोच प्रश्न मराठीत विचारला की धडाधड उत्तर देतात. त्यामुळे दिवाळीपर्यंत कुठलाच निर्णय बदलायचा नाही. (2021 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिलीय आणि पिंपरी चिंचवडला कॉम्प्युटरची एक तुकडी मराठीतून सुरू पण झाली, ते हवं असेल तर चौकशी कर, लाज वाटायचं काही कारण नाही.)

आता कामाचं. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून कॉम्प्युटर, ईएनटीसी आणि बीएस्सी मॅथ्स तिन्हींच्या दुसऱ्या वर्षाच्या सिलॅबसच्या पीडीएफ उतरवून घे, जुने पेपर पण मिळतात. पेपर सोडवायचा नाही, नुसता वाचायचा, आणि कुठल्या प्रश्नापाशी "हे काय असेल बुवा" असं वाटून थांबलास ते बघायचं. मग त्या कॉलेजातल्या अशा कुणाला तरी गाठ ज्याला केटी लागलीय, म्हणजे विषय राहिलाय. टॉपर सांगणार सगळं मस्त आहे. केटीवाला सांगेल नेमकं कुठे अडकलो, वर्गात काय शिकवत नाहीत, सबमिशनला किती रात्री जातात, इंटर्नलचे मार्क कसे मिळतात. त्याला चहा पाज आणि ऐकून घे.

आणि इंजिनिअरिंग ॲडमिशनचा ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचच्या पसंतीचा) भरताना पहिल्या नंबरावर जे टाकशील ते लागलं की सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे आपोआप पक्की होते, पुढच्या राउंडला बेटरमेंट, म्हणजे बदलून अजून चांगली, मिळत नाही, त्यामुळे पहिल्या ओळीत फक्त तेच टाक जे मिळालं तर तू खरंच जाणार आहेस, मामांना बरं वाटावं म्हणून तिथे काही टाकू नकोस. लॉक करायच्या आधी मला स्क्रीनशॉट पाठव. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी माझी प्रॅक्टिकल्स असतात, तेव्हा फोन लागणार नाही, संध्याकाळी कर.

ताई