डोलोमाइट्सच्या डोंगरात जेवायला जाताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात इटलीच्या अगदी उत्तर टोकाच्या साउथ टायरोलवर, म्हणजे इटालियन लोक ज्याला आल्तो आदिजे म्हणतात त्या भागावर लिहिलं होतं, त्यानंतर खूप मेल आले आणि जवळजवळ सगळे खाण्याबद्दलच. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतेय.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही जूनमध्ये बोल्झानो आणि वाल गार्डेनाला जातोय. तिथल्या रेस्टॉरंटची मेनूकार्डं ऑनलाइन बघितली तर सगळीकडे जर्मन नावं, क्नोडेल काय आणि श्निट्झेल काय. इटलीत चाललोय म्हणून पास्ता-पिझ्झाची स्वप्नं बघत होतो. बुकिंग चुकीच्या ठिकाणी झालंय का?

अजिबात नाही, उलट छान ठिकाणी झालंय! हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, १९१९ च्या तहानंतर इटलीकडे आला, आणि आजही इथल्या बहुतेक लोकांची घरातली भाषा जर्मनच आहे. काही खोऱ्यांमध्ये, म्हणजे तुमच्या वाल गार्डेनात किंवा वाल बादियात, लादीन नावाची तिसरीच भाषा बोलतात. त्यामुळे गावांना दोन-दोन तीन-तीन नावं आणि मेनूकार्डही तसंच. पास्ता-पिझ्झा मिळतो, चांगला मिळतो, पण माझं ऐका आणि निदान अर्धी जेवणं तरी गावातल्या जुन्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत घ्या, कारण हे जेवण इटलीत दुसरीकडे असं मिळणार नाही.

क्नोडेल (इटालियनमध्ये कानेदेर्ली) म्हणजे शिळ्या ब्रेडचे तुकडे दुधात भिजवून, अंडं घालून वळलेले आणि उकडलेले मोठे गोळे. डोंगरात वर्षातले कित्येक महिने ताजं काही मिळायचं नाही, ब्रेड एकदाच भाजून साठवायचे, तो वाळला की टाकून कसा देणार, त्यातून हा पदार्थ आला आणि किती जुना म्हणाल तर बोल्झानोजवळच्या होखेपान किल्ल्यातल्या छोट्या चॅपलमध्ये साधारण १२०० च्या सुमाराचं भित्तिचित्र आहे, त्यात एक बाई चक्क क्नोडेल खाताना काढलीय. किल्ल्यातच खानावळ आहे, सीझनमध्ये चालू असते, आधी चित्र बघा आणि मग तिथेच बसून क्नोडेल खा, मला तरी याहून चांगली दुपार सुचत नाही. आणि एक लक्षात ठेवा, क्नोडेल सुरीने कापायचा नाही, काट्यानेच फोडायचा. सुरी लावली तर गोळा कडक झालाय असं तुम्ही म्हणताय असा अर्थ होतो आणि करणाऱ्या बाईंना ते लागतं.

प्रश्न: आमच्यासोबत सासूबाई आहेत, त्या मांस-मासे खात नाहीत, अंडं घातलेलं पदार्थात चालतं. नेटवर जिथे बघावं तिथे श्पेक, सॉसेज, हरणाचं मांस. त्यांचे हाल होतील का? वेटरला काय सांगायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय. हाल होणार नाहीत, पण "व्हेजिटेरियन" एवढंच सांगून स्वस्थ बसू नका. इथे श्पेक म्हणजे मीठ-मसाला लावून, थंड धूर देऊन आणि डोंगरातल्या हवेत साधारण २२ आठवडे मुरवलेलं डुकराचं मांस, आणि ते इथल्या स्वयंपाकात इतकं मुरलंय की थोडंसं घातलं तर पदार्थ मांसाहारी झाला असं कित्येकांना वाटतच नाही. जवाचं सूप (गेर्स्टझुपे) ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा श्पेक किंवा स्मोक केलेलं मांस असतं. आंबवलेला कोबी चरबीत किंवा श्पेक घालून शिजवतात. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रस्सा, क्नोडेल पालकाचा असला तरी तो ज्या सूपमध्ये तरंगत येतो ते मांसाचं असू शकतं.

म्हणून वेटरला दोन वेगळ्या गोष्टी विचारा, यात श्पेक आहे का, आणि सूपचं पाणी भाज्यांचं आहे का मांसाचं. इटालियनमध्ये "सेंझा कार्ने, सेंझा स्पेक" आणि जर्मनमध्ये "ओने फ्लाइश, ओने श्पेक" एवढं म्हटलं तरी पुरतं, गावांमध्ये बऱ्याच ठिकाणी इंग्लिशही चालतं.

सासूबाईंना काय द्यायचं ते सांगते. श्लुत्सक्राप्फन, म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराची उकडलेली करंजीच म्हणा, पारीत राय (rye) नावाच्या धान्याचं पीठ, आत पालक आणि ताजं चीज, वर वितळलेलं लोणी. माझ्या मते या भागातला सगळ्यात सुंदर पदार्थ हाच. मग पालकाचे, चीजचे किंवा बीटाचे क्नोडेल, लोण्यात घोळवलेले मागवा, सूपमधले नको. पुस्टर खोऱ्यात टिर्टलन मिळतात, पालक किंवा कोबी भरून तळलेल्या पातळ पुऱ्यांसारखे (लादीन लोक त्यांना तुत्रेस म्हणतात), फक्त कशात तळलंय ते विचारा, जुन्या पद्धतीत डुकराची चरबी वापरायचे. पुढे कोर्तिना द'आम्पेझ्झोला गेलात तर, तो भाग व्हेनेतो प्रांतात येतो, तिथे कासुंझिएई खायला विसरू नका, बीट भरलेले असतात आणि वर लोणी आणि खसखस. पोलेंटा (मक्याच्या पिठाची उकड) आणि मशरूमही बऱ्याच ठिकाणी असतं.

आणखी एक, वरून किसून घातलेलं पार्मेजान चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी "सेंझा पार्मिजानो" आधीच सांगायचं, नंतर प्लेट परत पाठवण्यात मजा नाही.

प्रश्न: ऑक्टोबरच्या शेवटी जातोय. एका मित्राने सांगितलं की "ट्योर्गेलन" चुकवू नको. हे नक्की काय असतं आणि बुकिंग कसं करायचं?

मित्राचं ऐका! शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत, द्राक्षं काढून झाली की शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नवी वाइन चाखायची आणि पोटभर जेवायचं अशी ही पद्धत आहे. सगळ्यात जास्त वाले इसार्कोमध्ये, म्हणजे ब्रेसानोने (ब्रिक्सन) ते बोल्झानोच्या मधल्या खोऱ्यात. जेवायची जागा म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली लाकडी भिंतींची बैठकीची खोली, मध्ये मोठी शेगडी, सात-आठ टेबलं, आणि वाढणारी माणसं घरचीच. अशा द्राक्षवाल्या शेतघरातल्या खानावळीला बुशनशांक म्हणतात, आणि वर उंचावर जिथे द्राक्षं होत नाहीत, गाई असतात, तिथल्या खानावळीला होफशांक. रेस्टॉरंटच्या मोठ्या हॉलमध्येही ट्योर्गेलनच्या नावाखाली जेवण मिळतं, ते वाईट असतं असं नाही म्हणत मी, पण ज्या घरात द्राक्षं, बटाटे, कोबी स्वतःच्या शेतातले आहेत तिथेच जा, त्यासाठीच तर एवढ्या लांब चाललाय. तिथल्या शेतकरी संघटनेचा "रोटर हान" म्हणजे लाल कोंबडा असा शिक्का आहे, दारावर तो दिसला तर निवांत आत शिरा.

जेवण आधी सूपने सुरू होतं, मग श्लुत्सक्राप्फन, मग सॉसेज, बरगड्या, कोबी, क्नोडेल यांनी भरलेलं मोठं ताट मध्ये ठेवतात, मग खसखस किंवा जॅम भरलेले तळलेले गोड क्राप्फन आणि शेवटी भाजलेली गरम चेस्टनट, लोणी लावून. हे सगळं हळूहळू येतं, तीन तास सहज जातात, संध्याकाळी दुसरा काही प्लॅन ठेवू नका. ज्यांना दारू नको त्यांच्यासाठी ताजा द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा रस असतोच. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, घरचा स्वयंपाक असतो, ऐन वेळी वेगळं करायला त्यांच्याकडे माणसं नसतात, आधी सांगितलं तर मनापासून करतात.

शनिवार-रविवारची टेबलं खूप आधी भरतात, म्हणून मधल्या वाराला जायचा प्रयत्न करा. फोनच करा, मेलला उत्तर यायला वेळ लागतो कारण दिवसभर ते शेतात असतात. सकाळी केश्टनवेग म्हणजे चेस्टनटच्या झाडांमधून जाणारी पायवाट थोडी चालून घ्या, ती ब्रिक्सनजवळच्या नोव्हाचेल्ला मठापासून सुरू होऊन बोल्झानोकडे जाते. मठ ११४२ सालचा आहे आणि तिथे आजही वाइन बनते. गाडी मात्र हॉटेलवरच ठेवा. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलचं लिमिट लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि नव्या लायसन्सवाल्यांना शून्य, आणि डोंगरातले ते अंधारे वळणाचे रस्ते, खरंच नको. बऱ्याच हॉटेलांमधून गेस्ट पास मिळतो, त्यावर लोकल बस आणि ट्रेन फुकट असते, फक्त शेवटची बस किती वाजता ते जेवायला बसायच्या आधी बघून ठेवा.

प्रश्न: गेल्या वर्षी ट्रेक करून साडेतीनला एका डोंगरातल्या हटमध्ये पोचलो तर किचन बंद! मुलं रडकुंडीला आली. असं का करतात?

वाईट वाटलं वाचून, भूक लागलेली मुलं घेऊन डोंगरात उभं राहणं सोपं नाही. इथे गरम जेवणाची वेळ साधारण बारा ते दोन-अडीच, आणि रात्री साडेसहा-सातपासून, रोम-नेपल्सपेक्षा बरीच लवकर, नऊला तर किचन आवरायला घेतात. दोन-चारच माणसं पहाटेपासून गाई, चीज आणि किचन सांभाळत असतात, त्यांना मधली विश्रांती लागतेच. पण किचन बंद म्हणजे खायलाच काही नाही असं बहुधा नसतं. दुपारी मारेंडे मागायचं, लाकडी पाटावर चीज, श्पेक, काकडीचं लोणचं आणि श्युटलब्रोट, म्हणजे राय धान्याची कुरकुरीत चपटी भाकरी, खूप छान लागते. श्पेक नको असेल तर नुसत्या चीजचा पाट मागा. केक किंवा अ‍ॅपल स्ट्रूडलही बहुतेक असतंच. किचन चालू असताना पोचलात तर मुलांसाठी काइझरश्मारन घ्या, जाड गोड पॅनकेकचे तुकडे आणि लाल बेरीचा जॅम, वीसेक मिनिटं लागतात पण एका पॅनमध्ये दोघांचं होतं.

आल्पे दी सिउसीला जाणाऱ्यांनी वेगळा हिशेब करा. ५६ चौरस किलोमीटरचं हे युरोपातलं सगळ्यात मोठं डोंगरी कुरण आहे आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ बाहेरच्या गाड्यांना वर जाता येत नाही, त्यामुळे केबल कारने जा आणि जेवून परतायला शेवटची केबिन किती वाजता ते विचारून ठेवा.

सीझनचंही बघा. गुरं साधारण जूनमध्ये वर जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला खाली येतात, बहुतेक कुरणातल्या खानावळी त्याच काळात चालतात, काही परत स्कीइंगच्या दिवसांत. ईस्टर झाल्यावर ते मे अखेरपर्यंत आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये उंचावरच्या गावांत अर्धी दारं बंद दिसतील. त्या दिवसांत गेलात तर खाली बोल्झानो किंवा मेरानोला राहा, तिथे उपाशी राहायची वेळ येणार नाही.

प्रश्न: बिलात "कोपेर्तो" म्हणून पैसे लावले होते, ती फसवणूक होती का? आणि टिप किती द्यायची?

फसवणूक नाही, माणशी टेबलाचा आणि ब्रेडचा आकार आहे तो, साधारण एक ते तीन युरो, मेनूकार्डवर लिहिलेला असायला हवा, नसेल तर जरूर विचारा. टिप सक्तीची नाही, आवडलं तर बिल वरच्या आकड्याला गोल करा किंवा दोन-चार युरो ठेवा. पाणी बाटलीतलं येतं आणि त्याचे पैसे पडतात. मेनूकार्डवर पदार्थापुढे छोटी चांदणी दिसली तर तळटीप वाचा, बहुतेक वेळा तो पदार्थ फ्रोझन मालातून केलाय असा अर्थ असतो.

प्रश्न: आम्ही वेळेवर ठरवणारी माणसं, बुकिंग न करता चालेल का?

मधल्या वारी दुपारी चालेल. रविवारी दुपारी नाही, कारण तेव्हा गावातली कुटुंबंच आजी-आजोबांना घेऊन जेवायला बाहेर पडतात. रात्रीही सांभाळून, बऱ्याच हॉटेलांत मुक्कामाच्या पाहुण्यांचं जेवण भाड्यातच धरलेलं असतं आणि बाहेरच्यांना थोडीच टेबलं उरतात. शिवाय प्रत्येक गास्टहाउसचा आठवड्यातून एक दिवस सुट्टीचा असतो, दारावर "रूहेटाग" लिहिलेलं असतं. सकाळी नाश्त्याच्या वेळी हॉटेलवाल्यांनाच फोन करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे आणि ते आनंदाने करतात.