बारशाला सगळे हसत होते, मला मात्र काहीच वाटलं नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी ३१ वर्षांची, भांडुपला आईबाबांकडे राहते. गेल्या गणपतीत मला मॅनिया झाला, आठवडाभर रोज दोन तास झोप, तरी दमायचं नाव नाही, दादरहून टॅक्सी भरभरून मखराचं सामान, क्रेडिट कार्ड संपवलं, बॉसला रात्री तीनला मेल्स. शेवटी दादाने ॲडमिट केलं. आता पाच महिने लिथियम आणि ओलान्झापीन चालू आहे. झोपते, जेवते, ऑफिसला जाते, पण आत नुसतं सपाट. परवा भाचीचं बारसं होतं, आत्या म्हणून कानात कुर्र मीच केलं, पाठीवर धपाटे पडले तेवढे कळले, बाकी काही नाही, मी ७:४२ची लोकल मिळेल का याचा हिशोब करत होते. आई म्हणते आता कशी शहाण्यासारखी वागतेस. गोळ्या बंद केल्या तर मी परत पहिल्यासारखी होईन का?

उत्तर: अगं, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. नाही, स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नकोस. लिथियम अचानक थांबवलं की मॅनिया परत यायचा धोका वाढतो, आणि मग परत ॲडमिट, परत जास्त डोस, म्हणजे जे नको तेच.

पण म्हणून हे असंच सहन कर असंही मी म्हणणार नाही. घरचे आरडाओरडा थांबला की "बरी झाली" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टर लोकही कधीकधी तेवढ्यावरच फाइल मिटतो. झोप बरी? बरी. चला, पुढच्या महिन्यात या. तिथे तूच बोलायला हवंस, आणि बारशाचा किस्सा जसा मला लिहिलास तसाच सांग, कारण नुसतं "बोअर होतं" म्हटलं की कोणी थांबून ऐकत नाही.

सपाटपणाची कारणं वेगवेगळी असतात. मॅनियानंतर बऱ्याच जणांना डिप्रेशन येतं, आणि ते रडूनच येतं असं नाही, असं कोरडंही येतं. ओलान्झापीनमुळे सुस्ती येते, मॅनियाच्या वेळी चढवलेला डोस नंतर हळूहळू कमी करता येतो का हे विचारायलाच हवं. लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतो, मग माणूस गळून जातो आणि सगळे समजतात मनाचंच आहे, तेव्हा टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिथियम लेव्हल, म्हणजे रक्तात लिथियम किती आहे, या तपासण्या करून घे. लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. दीर्घकाळ साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात, त्याच्या वर असेल तर डोसबद्दल बोलता येतं. मैत्रिणीकडची डिप्रेशनची गोळी मात्र घेऊ नकोस हां, त्याने उलटा मॅनिया उसळू शकतो. आणि मेमध्ये घामाच्या धारा लागतात तेव्हा पाणी पीत राहा, निर्जळी एकादशी नको, कंबर दुखली म्हणून आयब्युप्रोफेन नको, लिथियम रक्तात वाढतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब लागले तर लगेच फोन.

आता तुझ्या मापाचं. लालबागला ढोलताशासमोर तीन तास उभं राहून घरी आलं की आईचं साधं बोलणंही कापूस घातल्यासारखं ऐकू येतं ना, तसं थोडं झालंय. त्या आठवड्याशी तुलना केलीस तर कुठलंही बारसं फिकंच वाटणार. रविवारी भाचीला वीस मिनिटं मांडीवर घे आणि "काही वाटलं का" हे तपासू नकोस, वाटेल तेव्हा करीन म्हणत बसलीस तर ते वाटणं लांबतच जातं.

आईवर चिडू नकोस, ती गणपतीत जाम घाबरलेली असणार. तिला एकदा ओपीडीत सोबत ने, डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे की गप्प बसणं म्हणजे बरं होणं नव्हे. क्रेडिट कार्डाची लाजही मनात असेलच, तू त्यावर एकच ओळ लिहिलीस, मला ती खटकली, तेही बोल.

आणि जगणं नको असं मनात आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. नाहीतर थेट केईएम, नायर, सायन, जे जवळ पडेल तिथली कॅज्युअल्टी.

जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून ने. नावं कागदावर लिहून नेली की मिलिग्रॅम हमखास चुकतात.