हाडातला तपकिरी रंग नक्की कुणाचा?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी रॅटच्या मांडीच्या हाडात ऑस्टिओपॉन्टिन हे प्रथिन शोधतेय. त्यासाठी अमेरिकेतल्या आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेची (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी जपणारी संस्था) एमपीआयआयआयबी१० ही माऊसची मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जागी चिकटणारी, अँटिबॉडी वापरली. सेक्शनमध्ये, म्हणजे हाडाच्या पातळ कापात, मज्जेसकट सगळंच तपकिरी दिसतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) पट्टा ६६ किलोडाल्टनच्या आसपास येतो. अमिनो आम्लांच्या हिशेबाने तो पस्तिसाजवळ हवा. गाईड म्हणतात, अँटिबॉडी खराब आहे. नवी मागवू का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मागवू नका, निदान इतक्यात तरी नको. गाईडनी अँटिबॉडीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय खरं, पण पुरावा तिच्याविरुद्ध नाही.

पट्ट्याचं आधी उरकते. ऑस्टिओपॉन्टिन भलतंच आम्लधर्मी, वर फॉस्फेट आणि साखरा चिकटलेल्या. असं प्रथिन जेलमध्ये आपल्या वजनाप्रमाणे धावत नाही. १० टक्के जेलमध्ये ते जड वाटतं, १५ टक्क्यांत त्याहून हलकं. तुमचा ६६चा पट्टा मला तरी ओळखीचा वाटतो. कुमॅसी या प्रथिनं रंगवायच्या रंगाने ते फिकट रंगतं, तेव्हा तिथे दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

खरी गोची सेक्शनची आहे. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाचं, म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवायचं, तंत्र दिलं, तेव्हापासून ‘मोनोक्लोनल म्हणजे अचूक’ असं डोक्यात बसलंय. अचूक असते ती पहिली अँटिबॉडी. पहिलीला चिकटून रंग आणणारी दुसरी बहुतेक वेळा पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असते आणि ती माऊसचं आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा एक प्रकार) शोधत फिरते. रॅटचं आयजीजी माऊसच्या इतकं जवळचं की ती त्यालाही धरते, आणि मज्जेत रक्ताला काय तोटा! दुसरीच्या बाटलीवर ‘रॅट ॲडसॉर्ब्ड’ (रॅटचं आयजीजी धरणारा भाग काढून टाकलेली) लिहिलंय का, ते आज बघा. नसेल तर पैसे तसं लिहिलेल्या बाटलीवर खर्च करा.

दुसरा संशय पेरॉक्सिडेजवर, म्हणजे तपकिरी रंग घडवणाऱ्या एन्झाइमवर. मज्जेतल्या पेशींत ते मुळातच असतं. एका स्लाइडवर कुठलीच अँटिबॉडी न घालता नुसतं डीएबी (या एन्झाइममुळे तपकिरी होणारं रसायन) टाका. तीही तपकिरी झाली तर पेशींतलं हे एन्झाइम आधी निकामी करणारं हायड्रोजन पेरॉक्साइडचं ब्लॉकिंग कमी पडतंय. दुसऱ्या स्लाइडवर पहिली अँटिबॉडी वगळून बाकी सगळं करा. तिसरीवर तितक्याच प्रमाणात असंबंधित माऊस आयजीजी१ घाला. या तीन स्लाइड्स नसतील तर परीक्षकांनी तुमचा फोटो बाजूला ठेवला तरी मी त्यांचीच बाजू घेईन.

हाड कॅल्शियममुक्त कशात केलंत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नायट्रिक आम्लात केलं असेल तर घाई झाली. १४ टक्के ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारं रसायन) वापरा, पीएच ७.४ च्या आसपास, द्रव वरचेवर बदलायचा. रॅटच्या मांडीच्या हाडाला काही आठवडे लागतात, लागू द्या. मऊ झालं का म्हणून सुई टोचू नका, ती भोकं सेक्शनमध्ये दिसतात. अँटिजेन रिट्रीव्हलसाठी (झाकलेलं प्रथिन अँटिबॉडीला पुन्हा सापडावं म्हणून) सेक्शन उकळूही नका, हाड काचेवरून सुटून तरंगायला लागतं. ६० अंशांवर सिट्रेटमध्ये रात्रभर ठेवा.

सगळं जमलं की नजर सिमेंट लाइन्सवर ठेवा, म्हणजे जुन्या हाडाला नवं हाड जिथे भिडतं तिथे. ऑस्टिओपॉन्टिन तिथे दाटतं. बारीक, वळणावळणाची गडद रेघ दिसायला हवी.

आणि त्याच रॅटचं मूत्रपिंड फेकलं नसेल तर त्याचाही सेक्शन सोबत लावा. तिथल्या काही नलिकांत ऑस्टिओपॉन्टिन असतंच, शिवाय कॅल्शियम काढायची भानगड नाही. मूत्रपिंडाची स्लाइडही कोरी आली, तर मात्र नवी अँटिबॉडी मागवा.