इंजेक्शन घ्याच, पण आईच्या मनाचंही बघा

ताई, तुमच्या आईचे दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटतात, ऐरोलीत भाजीलाही त्या खाली उतरत नाहीत आणि घरचे म्हणतात टेन्शन सोड आपोआप जाईल, हे वाचून राहवलं नाही. मला ब्लेफरोस्पाझम, म्हणजे डोळे असे आपोआप मिटण्याचा आजार, होऊन नऊ वर्षं झाली, ठाण्यात राहते.

आधी हे की झोप कमी झाली की एक पापणी लवते ते वेगळं, ते बहुतेक वेळा थांबतं. ह्या आजारात मेंदूकडून चुकीचे सिग्नल जाऊन डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळण्याच्या आजाराचा, प्रकार. नजर शाबूत पण पापणी उघडत नाही. ऊन, वारा, टेन्शन ह्याने वाढतं, पण म्हणून मनाचे खेळ नाहीत, पूर्वी डॉक्टरही तसंच समजायचे.

आणि गुणगुणलं किंवा कानशिलाला बोट लावलं की काहींचे डोळे थोडा वेळ उघडतात. माझे भजन म्हणताना उघडायचे, तर घरात कुणीतरी म्हणालं, बघा, मनात आणलं की जमतं. ते वाक्य मला डोळ्यांपेक्षा जास्त लागलं. हे नाटक नाही, ह्या आजाराचं लक्षणच आहे, घरच्यांना स्पष्ट सांगा.

स्टेशनजवळ रस्ता ओलांडताना डोळे मिटले, मधोमध उभी, रिक्षावाले ओरडतायत, त्या दिवसापासून माझं बाहेर जाणं सुटलं, आधी लग्नं, मग हळदीकुंकू, मग तलावपाळीची संध्याकाळची चक्कर पण. बोटॉक्सचं, म्हणजे आवळलेले स्नायू सैल करणारं, इंजेक्शन घेतलं, आठवड्याभरात डोळे उघडले, तरी मी आपली घरातच, जेवण जात नाही, पहाटे चारला जाग. डोळे बरे म्हणजे मी बरी असं सगळ्यांनी धरलेलं. ते डिप्रेशन होतं. ह्या आजारात डिप्रेशन, अँक्झायटी बऱ्याच जणांना असते आणि ती फक्त त्रासाला कंटाळून येते असं नाही, मेंदूतल्या ज्या भागांचा ह्यात संबंध आहे त्यांचा मूडशीही आहे. गोळ्या आणि काउन्सेलिंग, काही महिने लागले पण मी परत माणसांत आले.

म्हणून न्यूरॉलॉजिस्टसोबत सायकियाट्रिस्टलाही दाखवा, आणि डोळ्यांचं त्यांना आधी सांगा कारण मानसिक आजाराच्या काही औषधांनी अशा हालचाली वाढू शकतात. इंजेक्शनचा असर साधारण तीन महिने, उतरायला लागला की माझं मन पण उतरतं, तेव्हा आईला एकटं सोडू नका. जगावंसं वाटत नाही असं येतं का मनात, हे सरळ विचारा, विचारल्याने काही वाईट होत नाही. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि ऊन उतरलं की त्यांचा हात धरून भाजीला न्या, "डोळे उघड" म्हणू नका, मिटले की नुसतं थांबा.