मणी का चिरतो, काच का तडकते: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात काचेचे लॅम्पवर्क मणी आणि पॉलिमर क्लेचे मणी एकत्र वापरून दागिने कसे करायचे ते लिहिलं होतं, त्यावर खानापूर, निपाणी, अथणी आणि आपल्या शहापूर-वडगावातनं बरीच पत्रं आली. बहुतेकांनी डिझाइनबद्दल विचारलंच नाहीये, केलेली वस्तू टिकत का नाही हे विचारलंय, आणि मला वाटतं तेच आधी विचारायला हवं. त्यातली काही पत्रं आणि उत्तरं खाली देतेय.

"ताई, मी मोबाइलवर बघून पॉलिमर क्लेचे मणी करायला शिकलेय. ओटीजीत भाजते. एखादा घाणा वरनं तपकिरी होतोय, आणि जो चांगला दिसतोय तो ओवताना भोकापाशी चिरतोय. पॅकेटवर लिहिलंय तेवढंच टेम्परेचर लावते. पावसाळ्यामुळं असं होतंय काय?" (खानापूर)

पावसाचा संबंध नाही हो. क्ले म्हणत असले तरी ही माती नव्हेच, हे पीव्हीसी प्लॅस्टिक, त्यात ते मऊ राहावं म्हणून एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळं ती वाळत नाही आणि उन्हात ठेवूनही काही होत नाही, ठरावीक उष्णता ठरावीक वेळ मिळाली तरच आतले बारीक कण एकमेकांत वितळून एकजीव होतात. तुमच्या मण्याला बाहेरनं उष्णता जास्त लागतेय आणि आतपर्यंत पुरेशी पोचत नाहीये. म्हणजे करपणं आणि चिरणं हे दोन्ही एकाच ओव्हनचं काम.

ओटीजीच्या बटणावर १३० लिहिलेलं असलं तरी आत १३० असतंच असं नाही. थर्मोस्टॅट बंद-चालू होत राहतो, आतलं टेम्परेचर वर-खाली जात राहतं आणि छोट्या ओटीजीत रॉड मण्याच्या अगदी डोक्यावर येतो. म्हणून आधी एक ओव्हन थर्मामीटर घ्या, आत ठेवायचा साधा काटेवाला मिळतो. नवीन रंगांची पाकिटं नंतर घेतली तरी चालतील. फिमो साधारण ११० डिग्रीला भाजायची असते, स्कल्पी प्रिमो १३० ला, बाकी कंपन्यांचं त्यांच्या पॅकेटवर असतंय. वेळ जाडीवर ठरतो, दर ६ मिलिमीटर जाडीला ३० मिनिटं असा स्कल्पीवाल्यांचा हिशोब आहे, आणि टेम्परेचर बरोबर असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्त ठेवल्यानं नुकसान होत नाही, उलट मणी मजबूत होतो. फरशीची एक जुनी टाइल ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन तापून थर्मामीटरचा काटा स्थिर झाला की मग मणी आत सरकवा, आणि वर अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू करून झाका म्हणजे रॉडची थेट धग लागत नाही. गोल मण्याला खालनं सपाट डाग पडत असेल तर साधा कागद पंख्यासारखा दुमडून त्याच्या घडीत मणी ठेवायचे, किंवा कॉर्नफ्लोअरच्या थरावर.

मधेच करंट गेला तर घाबरू नका, तो घाणा फुकट जात नाही. करंट आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ भाजा. चिरणारे जुने मणी असतील तेही परत भाजून बघा, पण आधीच चीर पडलेली असेल ती भाजून भरत नाही.

दोन गोष्टी जपायच्याच. मायक्रोवेव्हमध्ये क्ले अजिबात भाजायची नाही. आणि टेम्परेचर फार वर गेलं, साधारण १७५ च्या पुढं, तर पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. असं झालं तर बटण बंद, खिडक्या उघड्या, पोरांना बाहेर काढायचं. घरात लहान मूल असेल तर मी म्हणेन की क्लेसाठी जुनापाना ओटीजी वेगळाच ठेवा, आणि क्ले मळायला, लाटायला वापरलेलं पोळपाट-लाटणं परत स्वयंपाकात आणू नका.

आणखी एक, तुमच्याकडची क्ले पॉलिमरच आहे ना ते पॅकेटवर बघा एकदा. दुकानात एअर ड्राय क्ले, मोल्डइटसारखी दोन पुड्या मिसळायची क्ले आणि पॉलिमर क्ले एकाच रॅकमध्ये असतात. एअर ड्राय हवेत वाळते आणि पाण्यानं परत बिघडते, मोल्डइट मिसळल्यावर आपोआप घट्ट होते. ह्या दोन्हींना ओव्हन लागत नाही.

"एप्रिल-मेमध्ये क्ले हाताला नुसती चिकटते, नक्षीच्या केनचा (रंगीत क्ले जुळवून केलेल्या, आरपार एकच नक्षी असलेल्या रुळाचा) चेंदामेंदा होतोय. काय करू?" (अथणी)

अथणी-चिक्कोडीकडच्या उन्हाळ्यात होणारच हे. क्ले दोन साध्या पांढऱ्या कागदांत दाबून थोडा वेळ ठेवा, कागद तेलकट होईल, म्हणजे जादाचं द्रव्य शोषलं गेलं. केन कापायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायची, धारदार पातळ ब्लेडनं कापायची आणि प्रत्येक काप झाला की केन थोडी फिरवायची, नाहीतर एका बाजूनं चपटी होते. काम सकाळी लवकर करा. आणि न भाजलेली क्ले उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, ती पाकिटातच अर्धवट शिजून भुगा होते.

"प्रदर्शनातनं हौसेनं काचेचे लॅम्पवर्क मणी आणले. डब्यात नुसते ठेवले होते, कुणी हात लावला नाही, तरी तीन मणी दुभंगले. दुकानदार म्हणतो तुम्हीच पाडले असतील. आणि हे मणी घरी गॅसवर करता येतील काय?" (निपाणी)

तुम्ही पाडले नसणार, ताई. हातानं केलेला काचेचा मणी नुसता ठेवलेला असतानाही फुटू शकतो आणि त्याचं कारण तो बनतानाच ठरतं.

लॅम्पवर्क म्हणजे काचेची कांडी ज्योतीत वितळवून स्टीलच्या बारीक सळईवर गुंडाळायची. सळईला आधी एक पांढरा लेप असतो म्हणजे मणी नंतर सुटून येतो, आणि सळईच्या जागी भोक राहतं. ज्योतीतनं बाहेर काढल्यावर मण्याची बाहेरची बाजू पटकन थंड होते, आतली काच अजून तापलेली असते, आणि दोघींची ओढाताण काचेत तशीच अडकून राहते. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर जे लगेच होतं ते इथं सावकाश, कधी महिन्यांनी होतं. म्हणून मणी भट्टीत ठेवून अॅनीलिंग करावं लागतं, म्हणजे नेहमीच्या सोडा-लाइम काचेला ५०० डिग्रीच्या थोडं वर काही वेळ ठेवून मग तासन्‌तास हळूहळू गार करायचं. ही पायरी गाळलेला मणी दिसायला अगदी तसाच, तितकाच सुंदर. बेळगावची डिसेंबर-जानेवारीची रात्र पडली, दिवसा ऊन आणि रात्री काकडायला लावणारी थंडी, की असला मणी जातोय.

दुसरं कारण काचेची जात. काच तापल्यावर किती प्रसरण पावते याचा एक आकडा असतो, लॅम्पवर्कची मऊ काच बहुधा १०४ ची, बोरोसिलिकेट ३३ ची. दोन वेगळ्या आकड्यांच्या काचा एकाच मण्यात आल्या तर अॅनीलिंग करूनही तडा जातो. तुमच्या फुटलेल्या मण्यांचे तुकडे उजेडात धरून बघा. चीर भोकातनं आरपार गेली असेल तर साधारणपणे गार करण्यात गडबड, रंग जिथं जुळतात त्या रेषेवरनं गेली असेल तर काच जुळलेली नाही.

पुढच्या वेळी घेताना सरळ विचारा, "भट्टीत अॅनील केलंय काय?" राखेत किंवा लोकरीसारख्या ब्लँकेटमध्ये गार केलं असं उत्तर आलं तर ते अॅनीलिंग नव्हे, त्यानं फक्त गार होणं लांबतं. मग मणी हातात घेऊन भोकाची दोन्ही टोकं बघा, चांगल्या मण्याची टोकं आत गोलसर वळलेली असतात, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतात. भोकातनं कापसाची वात ओढा, धागे अडकले तर ती कड उद्या तुमचा दोराही कापणार. आत पांढरी पूड असेल तर तो सळईवरचा लेप राहिलाय, पाण्यात धरून बारीक ब्रशनं काढायचा, कोरडं खरवडून ती धूळ नाकात घेऊ नका.

आपल्याकडं मिळणारे बरेच मणी उत्तर प्रदेशातनं, वाराणसी आणि हाथरसजवळच्या पुरदिलनगरातनं येतात, तिथं घरोघरी हे काम चालतं, आणि वाराणसीच्या काचमण्यांना जीआय टॅगही (त्या-त्या ठिकाणच्या मालाची सरकारी ओळख) आहे. काचमण्याची हौस आपल्या भागातही जुनीच आहे, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी खोदकाम केलं त्यात काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या होत्या.

घरच्या गॅसचं विचाराल तर स्वयंपाकघरात नाही, अजिबात नाही. त्याला वेगळा टॉर्च लागतो, काचेतल्या सोडियमचा पिवळा झगझगाट अडवणारा डिडिमियमचा चष्मा लागतो, हवा खेळती लागते आणि भट्टी लागते. शिकायचंच असेल तर ज्याच्याकडं हे सगळं आहे त्याच्याजवळ बसून शिका. तोपर्यंत चांगले मणी विकत घ्या आणि क्लेचे मणी स्वतः करा.

"तंगूसमध्ये ओवलेली माळ दोन महिन्यांत सैल पडून तुटली, मणी सगळ्या रस्त्यावर. मग कशात ओवायचं?" (शहापूर, बेळगाव)

तंगूस हलक्या मण्यांना ठीक आहे, काचेच्या वजनानं ते ताणतं आणि कालांतरानं ठिसूळ होतं. काचेला गिअर वायर घ्या, म्हणजे बारीक स्टीलच्या तारा पिळून वर नायलॉनचं आवरण दिलेली. तारा जितक्या जास्त, ७ पेक्षा १९, १९ पेक्षा ४९, तितकी ती मऊ पडते आणि गळ्यावर छान बसते. टोकाला गिअर लॉक, म्हणजे धातूचा बारीक पोकळ मणी, घालून पकडीनं दाबायचा, वायर परत दोन-तीन मण्यांतनं मागं घेऊन मगच कापायची, आणि मण्यांच्या मधे केसाएवढी ढील ठेवायची, कच्च ओढली तर लॉकपाशी सगळा ताण येतो.

क्लेचा मणी आणि काचेचा मणी शेजारी-शेजारी येत असतील तर मधे धातूचा छोटा स्पेसर किंवा बारीक मोत्याचा दाणा घाला. काच कडक असते, चालताना घासून क्लेवर ओरखडे काढते. रेशमी दोऱ्यात करायचं असेल तर प्रत्येक मण्यानंतर गाठ मारा, दोरा तुटला तरी एकच मणी जातो. आणि हे शिकायला लांब जायला नको, बाजारात पोत गाठवून देणारे पटवेकरी बसतात, त्यांच्याजवळ अर्धा तास उभं राहून हात बघा. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ते ज्या ताणात गाठ सरकवत मण्याला भिडवतात, त्यातनं जे कळतं ते व्हिडिओत दिसत नाही.

"काळ्या मण्यांच्या पोतीत क्लेचं पेंडंट केलं. सासूबाई म्हणतात मंगळसूत्रात असलं चालत नाही. आणि चमक यावी म्हणून नेलपेंट लावलं तर ते चिकटच राहिलंय." (वडगाव)

सासूबाईंचा मान ठेवा, रोजच्या मंगळसूत्राच्या वाट्या आहेत तशाच राहू देत आणि हे पेंडंट सणासमारंभाच्या दुसऱ्या पोतीला लावा. काळे मणी तसेही बहुतेक काचेचेच असतात, त्यामुळं ही जोडी शोभते. नेलपेंटमधलं सॉल्व्हंट क्लेला मऊ पाडतं, ते चिकट झालेलं सुधारत नाही, नवीन करा. चमक हवी तर ओल्या पॉलिश पेपरनं ४००, ६००, ८००, १००० नंबर असं चढत जाऊन घासा आणि जीन्सच्या कापडानं चोळा. वार्निश लावलंच तर पाण्याच्या बेसचं. नीट भाजलेली क्ले पाण्याला घाबरत नाही, पण सेंट आणि नेलपेंट रिमूव्हर लांब ठेवा.

"जर्मन सिल्व्हरचे हूक लावले, कान खाजून लाल झाले. चांदी असून असं कसं?" (खानापूर)

त्यात चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे, आणि निकेल बऱ्याच जणांच्या कातडीला सोसत नाही. बरं न होता चिघळलं तर डॉक्टरांना दाखवा. पुढं ९२.५ चांदीचे हूक वापरा. हुपरी पैंजणांचं गाव, निपाणीपासनं जवळच, चांदीकामाची ओळख असलेला कुणीतरी सापडेलच.

"माझी कानातली बेळगावात विकली जातायत. आता कोल्हापूरच्या प्रदर्शनात टेबल घ्यायचंय. किंमत कशी लावू आणि राज्य बदललं म्हणून टॅक्सचं काही असतं काय?" (टिळकवाडी, बेळगाव)

आपल्याला कोल्हापूर म्हणजे माहेर-सासरसारखं जाणं-येणं, पण जीएसटीच्या कागदावर ते दुसरं राज्य. इमिटेशन ज्वेलरीवर ३ टक्के जीएसटी आहे. लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, राज्याबाहेर विकताना नियम कडक होतात, हातानं केलेल्या वस्तूंना मात्र त्यात सवलत ठेवलेली आहे. तुमचा माल आणि तुमची उलाढाल त्यात बसते का हे टेबलाचे पैसे भरायच्या आधी टॅक्स सल्लागाराला विचारून घ्या, पॅन कार्ड जवळ असू द्या.

किमतीचं म्हणाल तर मणी, हूक, वायर, ओव्हनचा करंट, फुटलेले-फसलेले नग, डबी, प्रवास हे सगळं धरा आणि त्यावर तुमच्या तासांची मजुरी वेगळी लिहा. आपल्या बायका मजुरी धरतच नाहीत, "घरबसल्या तर केलं" म्हणतात, आणि मग शेजारचं टेबल कारखान्याचा माल त्याच भावात विकतं तेव्हा हिरमुसतात. अथणीचे कारागीर कोल्हापुरी चप्पल हातानं शिवतात, २०१९ मध्ये तिला जो जीआय मिळाला त्यात बेळगाव जिल्हाही आहे, त्या चपलेचे पैसे देताना लोक हातच्या शिलाईचेच देतात. तुम्ही पण टेबलावर क्लेची एक भाजलेली पट्टी ठेवा, गिऱ्हाइकाला वाकवून तिची मजबुती बघू द्या. काचेचा मणी अॅनील केलेला आहे हे कार्डावर लिहा. हूक कशाचा आहे तेही लिहा. सुटलेला हूक किंवा तुटलेली माळ परत आणली तर फुकट ओवून देईन असं सांगा, आणि कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला बेळगावपर्यंत यायला लागू नये म्हणून दुरुस्तीची वस्तू घ्यायला तिथली एखादी ओळखीची बाई आधीच ठरवून ठेवा.